पेला हातात असेपर्यंत

काबान्यास सरांचा नियम सोपा होता. पेला ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. बायोडेटा नाही, कार्डं नाहीत, टाय बांधून रांगेत घामाघूम होणं नाही. कॉलेजच्या आंब्याखाली खुर्च्या गोल मांडलेल्या, शेवटच्या वर्षाचे आम्ही सहा जण, डेअरीतून आलेले तीन पाहुणे, आणि सरांच्या पायाशी बर्फाच्या पाण्याचा थर्मास. तेरेरे म्हणजे पानांवर बर्फाचं पाणी ओतून नळीने ओढायचं पेय; त्याचा शिंगाचा पेला एकच, नळीही एकच. सर भरून देणार, आपण पिऊन, बोलून परत करणार.

"मोठ्या माणसांसमोर जीभ अडकते ना तुमची? दोन घोट ओढा, सुटेल," सर म्हणाले.

डेअरीच्या प्रयोगशाळेत जागा एकच होती. मला ती हवी होती. दह्याच्या जिवाणूंवरचा माझा प्रकल्प दोन मिनिटांत बसेल असा मी पाठ केला होता. मूल असल्याचं अर्जात लिहिलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी माझ्या आराईने दूध तोंडाला लागताच किंकाळी फोडली. टॉर्च लावून पाहिलं. जिभेवर तीन फोड, टाळूवर एक. दहा महिन्यांची आहे. रात्री तिचा उरलेला भात मीच त्याच चमच्याने खाल्ला होता. सासूबाई म्हणाल्या, "दात येतायत गं, तू जा." मी आले.

शेजारच्या डेर्लिसने पिऊन, बोलून, सगळ्यांना हसवून पेला परत दिला. सरांनी तो भरून माझ्या हातात ठेवला. गार लागला. ओठ न लावता ओढल्यासारखं करता आलं असतं. पण तसं करवेना.

"सर, मी पिणार नाही."

"मग बोलणार कशी?"

"बाईंचं डाएट चालू आहे, सर," डेर्लिस म्हणाला. सगळे हसले.

"माझ्या मुलीच्या तोंडात फोड आलेत. मला लागण झाली असेल तर नळीतून सगळ्यांना होईल."

सगळ्यांनी नळीकडे पाहिलं. सरांनी पेला घेतला, आंब्याच्या बुंध्याशी रिकामा केला आणि धुवायला गेले.

पेला नव्हता, तरी प्रयोगशाळेच्या प्रमुख ओब्दुलियाबाई बोलल्या. "मुलगी आहे तुला? आणि कामाच्या दिवशी आजारी पडली तर?"

सासूबाई आहेत, बहीण आहे, काही अडचण येणार नाही, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"मग मी घरी राहीन," मी म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. वहीत काहीतरी लिहिलं.

सर आले ते पेल्यात नवी पानं भरूनच, आणि त्यांनी माझ्या पलीकडे बसलेल्या विद्यार्थिनीपासून सुरुवात केली. ती सोयाबीनबद्दल बोलली. दुसऱ्या फेरीतही पेला माझ्यासमोरून गेला. मी मांडीवर माझी पाण्याची बाटली धरून बसले. दह्याचे जिवाणू कुणाला सांगायचे राहिले.

शुक्रवारी निकाल लागला. डेर्लिसचं नाव होतं. दुपारी त्याचा निरोप आला: "निमिया, पाच दिवस झाले. कुणाच्या तोंडात एक फोड नाही! उगाच घाबरलीस बाई."

मी वाचलं. बरं वाटलं नाही, वाईटही नाही. फोन बाजूला ठेवला आणि आराईची हनुवटी धरून तिच्या तोंडात टॉर्च मारला. टाळूवरचा गेला होता. जिभेवरचे दोन अजून होते.