बुजवलेला झरा

मी तळ्याचा बांध बोलतोय. तुम्ही कधीतरी माझ्या माथ्यावरून फिरला असाल, बाकावर बसून पाय हलवत गप्पा मारल्या असतील. पण मला पाहिलं नसेल. लोक माझ्यावर उभे राहतात आणि तळं पाहतात. फोटोतही तळंच येतं.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी कुणाची तहान भागवायला जन्मलो नाही, की कुणाची जमीन भिजवायला. सुट्टीच्या दिवशी लोकांना होडीत बसता यावं, एवढ्याच हौसेसाठी एका ओढ्याला आडवं घालून मला बांधलं. दोन मजली घराएवढी माझी उंची. आत चिकण काळ्या मातीची भिंत आणि दोन्ही अंगांना मुरूम. वीतभर माती पसरायची, तिच्यावर रोलर फिरवायचा, पाणी शिंपडायचं, पुन्हा वीतभर माती. असा मी थराथराने वाढलो.

माझ्या पोटातून एक लोखंडी नळ आरपार गेलाय. तळं कधी रिकामं करायची वेळ आली तर व्हॉल्व्ह उघडून त्यातून पाणी सोडायचं. या नळाच्या कडेला रोलर पोचत नाही. तिथली माती धुम्मसाने, म्हणजे हाताने उचलून आपटायच्या जड ठोकळ्याने, ठोकावी लागते. ती ठोकायच्या दिवशी आभाळ भरून आलं. माणसं दमली होती. मुकादम म्हणाला, उरलेलं उद्या ठोकू. दुसऱ्या दिवशी दुसरीच टोळी आली. तिला कुणी काही सांगितलं नाही आणि तिने वर मुरूम ओतला. ओंजळभर माती सैल राहिली. ते सगळेजण विसरले. मला विसरता येत नाही, कारण ती माझ्या पोटात आहे.

दोन वर्षांनी माझ्या पायथ्याशी, नळाच्या तोंडाशेजारी, पाण्याची बारीक धार लागली. फिरायला येणाऱ्यांना फार आनंद झाला. कुणी म्हणालं, झरा लागला. तळ्याच्या समितीने त्याला दगडी तोटी बसवली, शेजारी बाक ठेवला. लोक कॅन भरून नेऊ लागले. एक आजोबा तर सांगत की या पाण्याने गुडघे मोकळे होतात. मी सगळं ऐकत होतो. बाबांनो, हा झरा नाही, ही माझी गळती आहे, हे मी कसं सांगणार?

ओळखलं ते एकट्या राखणदार काकांनी. रोज सकाळी दहाला ते एक काचेची बाटली त्या धारेखाली धरत. भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहत, मग बाटली उन्हात धरून पाणी निरखत. सदा हातात बाटली, त्यामुळे नवख्या माणसाला वाटे गडी पिणारा आहे. काका हसून सांगत, "पाणी नितळ असेल तर नुसतं पाणी चाललंय. गढूळ असेल तर बांध चाललाय."

माझ्या खाली, ओढ्याच्या काठाने, अकरा घरं आहेत. पहिलं घर काकांच्या मुलीचं. ती शिलाई करते. जावई गॅरेजात कामाला जातो.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी बाटलीत गढूळ पाणी आलं. काका धावत खाली गेले आणि अकराही घरं उठवून टेकडीवरच्या शाळेच्या व्हरांड्यात नेऊन बसवली. मुलगी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती, तीही धापा टाकत चढली. सगळे संध्याकाळपर्यंत माझ्याकडे टक लावून बसले. इकडे माझ्या आत वरची माती खचली आणि पडलेलं भोक तिने आपोआप बुजवलं. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा नितळ. लोक सतरंज्या झटकून घरी गेले. तेव्हापासून काका दिसले की कुणीतरी विचारतंच, "काय काका, आज फुटतोय का?"

मी फुटलो नाही, म्हणून तो माणूस खोटा ठरला. बांधाने टिकून राहावं यातच त्याची इज्जत. पण त्या दिवशी टिकून मी माझ्या एकमेव माणसाला तोंडघशी पाडलं.

या महिन्यात पाणी पुन्हा गढूळ झालं. समितीने होड्यांच्या शर्यतीसाठी जादा पाणी वाहून जायच्या सांडव्यावर फळ्या ठोकून तळं हातभर चढवलं होतं, त्याचा भार माझ्यावर आला. काका बाटली घेऊन होड्यांच्या शेडमध्ये गेले. समितीचे अध्यक्ष तिथे शर्यतीचे आकडे होड्यांवर रंगवून घेत होते. त्यांचं फरशांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, काकांच्या आजारपणात स्वतः डबा घेऊन आला होता.

"साहेब, दोरीएवढी धार होती, ती मनगटाएवढी झालीय. मला व्हॉल्व्ह उघडू द्या. पाणी अर्ध्यावर आणू."

"काका, रविवारी शर्यत आहे. अर्ध्या तळ्यात होड्या काय ढकलत न्यायच्या?"

शेडमधले हसले. काकाही कसनुसे हसले.

"मागच्या वेळी तुम्ही अख्खी वस्ती शाळेत नेऊन बसवली होती," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "तेव्हा काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग?"

या 'मग'चं उत्तर माझ्या पोटात होतं.

अध्यक्षांनी काहीच केलं नाही असंही नाही. झऱ्याचं पाणी घाण येतं अशी लोकांची तक्रार होती, म्हणून त्यांनी गवंडी बोलावला आणि झरा सिमेंटने बुजवायला सांगितला. काका आडवे आले. त्यांनी परोपरीने सांगितलं की तोंड बंद करू नका. तिथे आधी वाळू टाका, मग खडी, मग दगड, म्हणजे पाणी बाहेर येईल आणि माती आत अडेल. गवंडी घमेलं खाली ठेवून म्हणाला, "काका, गळकं भांडं डाग देऊन बंद करतात. त्यात वाळू भरतात का?" पुन्हा सगळे हसले. काका म्हणाले, मग मी स्वतःच व्हॉल्व्ह उघडतो. त्यावर अध्यक्षांनी त्यांच्याकडून व्हॉल्व्हची किल्ली मागून घेतली, सोमवारी परत देतो म्हणाले, आणि तोवर सुट्टी घ्यायला सांगितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना न मागता सुट्टी मिळाली.

दुपारपर्यंत सिमेंट सुकलं. त्यावर हिरवा रंग दिला, दोन कुंड्या ठेवल्या. पायथा कोरडा ठणठणीत झाला. येणारा-जाणारा म्हणाला, बरं झालं, एकदाचा बंदोबस्त झाला. आतल्या पाण्याला वाट राहिली नाही, तेव्हा ते बाजूला वळलं. आता ते माझी काळी माती चाटत नळाच्या अंगाने पसरतंय. वरून कुणाला दिसत नाही. माझ्या माथ्यावर मात्र घमेल्याएवढा खळगा पडलाय. तिथे जमीन जरा बसकी आहे, सावलीही आहे, म्हणून शर्यतीचा वेळ मोजणाऱ्याची खुर्ची तिथेच मांडायचं ठरलंय.

काका मुलीकडे गेले. ती मशीनवर बसली होती, नातू खाली चिंध्यांशी खेळत होता. काकांनी सांगितलं, "चार दिवस वर, टेकडीवरच्या माझ्या खोलीवर चला."

"बाबा, पाणी तर बंद झालं ना? मग आता कसली भीती?"

"बंद झालं म्हणूनच, पोरी."

तिने पाय थांबवला. मशीन थांबली. "पोटात हा होता तेव्हा तुमच्या शब्दावर टेकडी चढले. चार वर्षं पाणी भरताना बायका विचारतात, वडिलांनी आज काय भाकीत केलंय. मी हसून घेते. पण आता नाही चढणार, बाबा. तुमच्यासाठीच नाही चढणार. काही झालं नाही, तर यावेळी तुम्हाला वेड्यात काढतील."

काका वर गेले, अंथरुणाची वळकटी घेऊन आले आणि तिच्या घरातली, माझ्या बाजूची, भिंत धरून ती पसरली. मुलगी एवढी खूश झाली. कित्येक वर्षं मी बोलावत होते, अखेर आलात, म्हणाली. चहा ठेवला. नातू अंथरुणावर लोळायला लागला. काकांनी त्याला लोळू दिलं.

काल दुपारी ते माझ्या उतारावर येऊन बसले. बाटली नव्हती, भरायला पाणीच नव्हतं. त्यांनी गवतावर तळहात ठेवला. आजवर ते माझ्याविषयी पुष्कळ बोलले होते, माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"सोमवारपर्यंत धर," ते म्हणाले. "किल्ली सोमवारी मिळणार आहे. एवढं कर."

मला 'हो' म्हणायला तोंड नाही आणि 'नाही' म्हणायला जीभ नाही. असती तरी काय म्हणालो असतो, कोण जाणे. माती आहे मी. माझ्या मनावर काही नसतं, सगळं पाण्याच्या मनावर.

आज गुरुवार आहे. सकाळी सिमेंटच्या कडेपासून दोन हातांवर गवत ओलं झालंय. कुंड्यांना पाणी घालणाऱ्याला वाटलं, त्याच्याच झारीतून सांडलं.

हे ऐकणारं कुणी असेल, तर त्याला हात जोडून सांगतो. माझी डागडुजी आता करू नका, तिची वेळ गेली. ओढ्याच्या काठाने खाली जा आणि त्या अकरा घरांची दारं वाजवा. खरं सांगू नका. खरं एकदा सांगून झालंय. टेकडीवर कापड स्वस्त लागलंय म्हणा, कुणी पाहुणे आलेत म्हणा, जे सुचेल ते खोटं सांगा, आणि सगळ्यांना वर न्या. पहिल्या घरात भिंतीशी एक म्हातारा बसलेला असेल. त्याला काही सांगावं लागणार नाही. पण मुलगी उठल्याशिवाय तो उठणार नाही.