टँकरचा मीटर आणि बायनाबाईची कळशी

मित्रांनो, मी एक जुना टेंपरेचर मीटर आहे, आणि माझी हकीकत खरी मानेल असा माणूस बीड जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. तरी ऐका.

जन्मलो कुठल्याशा कारखान्यात. पण संसार मांडला तो दूध संघाच्या टँकरमध्ये. दुष्काळात गुरं आटली, दूध आटलं, तसा संघानं टँकर पाण्याला जुंपला. पालीच्या तलावावर भरायचा, लिंबागणेशकडच्या एका वस्तीवर रिता करायचा. तो वाटेत भलतीकडे वळू नये म्हणून वस्ती आपलं एक माणूस ड्रायव्हरशेजारी बसवी. त्या दिवशी बायनाबाई होती, मांडीवर रिकामी कळशी घेऊन.

इंजीन चढाला तापायचं. ते जळालं तर वस्तीला दुसरा टँकर नव्हता. म्हणून ड्रायव्हर गहिनीनाथनं मला आणून स्टिअरिंगपाशी बसवलं आणि माझा सेन्सर इंजिनात पिळला. पण पाण्याचा थेंब गळू नये म्हणून पठ्ठ्यानं सेन्सरच्या आट्यांवर नळाची पांढरी टेप अशी गुंडाळली, जसं बाळंतिणीच्या डोक्याला फडकं! सेन्सरचं अंग लोखंडाला टेकेना, अर्थिंग मिळेना, म्हणजे विजेचा फेरा पुरा होईना. माझा काटा गारव्याला झोपून राहिला.

चढावर बॉनेटमधून वाफ उसळली.

"काटा तर गार हाय. मग वाफ कावून?" गहिनीनाथ गाडी थांबवून म्हणाला.

"मीटरला काय इचारतोस? वाफंला इचार की!" बायनाबाई म्हणाली.

इंजीन जरा निवल्यावर त्यानं एका तारेचं टोक सेन्सरच्या अंगाला लावलं, दुसरं इंजिनाला. मी खडबडून जागा झालो! मग त्यानं टेप सोलून काढली आणि सेन्सर पुन्हा घट्ट पिळला. रेडिएटर मात्र कोरडा पडला होता.

"मावशी, टँकरमधलं कळशीभर घेऊ का?"

"घे. पर माझ्या वाट्यातलं. लोकाच्या हंड्याला हात लावायचा न्हाई."

भरलेली कळशी रेडिएटरात रिती झाली. पुढं काय सांगू! इंजिनाला म्हटलं, तू पड निवांत. आणि टँकर मीच काट्यानं ओढत वर नेला. मला बघून चढच सपाट झाला. वस्तीनं माझी काच पदरानं पुसली. आज टँकर भंगारात आणि मी या गॅरेजच्या भिंतीवर धूळ खात आहे. मित्रांनो, मुक्या वस्तूला खोटं ठरवण्याआधी तिची तार तेवढी तपासत जा. आणि हो, त्या दिवशी बायनाबाईची कळशीसुद्धा काठोकाठ भरली, बरं का.

"खोटं!" शेजारच्या खिळ्यावरून त्याच टँकरचा हॉर्न खेकसला. "चढ सपाट केलास, ते ऐकून घेतलं बे. पर बाई रिकामी कळशी घेऊन घरी गेली, ते म्या बघितलंय."