वेलायुधन अम्मावनचं जेवण

निधीशच्या सिनेमातला बाप जेवत होता आणि त्याचं ताट काही केल्या संपत नव्हतं.

रहना सकाळपासून त्रिशूरच्या कॉलेजमधल्या एडिटिंगच्या खोलीत त्याच प्रसंगाशी झटत होती. एका शॉटमध्ये तांदळाच्या पुट्टूचा जेमतेम घास उरलेला, तर पुढच्यात ताट शिगोशीग भरलेलं. बापाचं काम केलं होतं निधीशच्या सख्ख्या मामाने, वेलायुधन अम्मावनने. सारी हयात बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. खोटं खोटं जेवणं त्याला जमेना. अकरा टेक झाले आणि अकराही वेळा तो मनापासून जेवला.

"एकाला एक जोडताच येत नाही रे," रहना म्हणाली.

"परत शूट करू," निधीश म्हणाला.

"कुठे? तुझ्या आईने परवाच स्वयंपाकघर पिवळंधमक रंगवलंय."

निधीशने कपाळाला हात लावला. सोमवारी सिनेमा सरांना दाखवायचा होता. आणि प्रसंग तरी कसला, तर ज्यावर सगळा सिनेमा उभा! नोकरी सोडून आलेल्या मुलाशी दोन वर्षं न बोललेला बाप जेवताना त्याला माफ करतो. त्यासाठी निधीशने दोन पानं संवाद लिहिले होते आणि अम्मावनने ते मागच्या दारी लोंबकळणाऱ्याला दटावावं तशा आवाजात म्हटले होते.

निधीश चहा आणायला गेला. रहनाने सहावा टेक लावला, तो अम्मावन संवाद विसरला म्हणून फुकट गेलेला. "कट" म्हटल्यावरही कॅमेरा बंद करायचं राहून गेलं होतं. मुलाचं काम करणाऱ्या बिनीशला ठसका लागला. अम्मावनने मान वर न करताच पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. मग आपल्या ताटातला पापड मोडला, मोठा तुकडा त्याच्या ताटात ठेवला आणि पुन्हा जेवू लागला.

रहनाने ते तीनदा पाहिलं. मग बाकीचे दहा टेक काढून टाकले.

"संवाद कुठेत?" परत आलेल्या निधीशने विचारलं.

"नाहीत."

"दोन पानं होती, रहना!"

"चांगली होती. पण आधी हे बघ."

त्याने पाहिलं. चहा निवून गेला. शेवटी म्हणाला, "अम्मावनला तू सांग. मला धीर नाही."

सोमवारी अम्मावन इस्त्रीचं मुंडू नेसून पहिल्या रांगेत बसला. तो प्रसंग आला आणि गेला, तसा तो मागे वळून रहनाला म्हणाला, "मोळे, अगं पोरी, माझं बोलणं कुठे गेलं? चार दिवस पाठ करत होतो! बायको कंटाळून माहेरी जायला निघाली होती."

"तुम्ही न बोलता जास्त छान दिसता, अम्मावन."

"हे तीही म्हणते," तो पुटपुटला.

सिनेमा संपला. सर प्रकाशयोजनेवर बोलले, आवाजावर बोलले. त्या जेवणाबद्दल एवढंच म्हणाले, की इथे कुणी अभिनय करतंय असं वाटलंच नाही. अम्मावनला ही स्तुती की तक्रार, ते कळेना. त्याने निधीशकडे पाहिलं. निधीश तोंडभर हसत होता.

सगळे उठले, तरी अम्मावन बसूनच होता.

"मोळे, ते जेवणाचं तेवढं परत लावतेस?"

रहनाने लावलं.