पिवळं फडकं, लाल पंजा

मुकादमाला यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडू. आमच्या धुलाईखान्यात अकरा बायका. त्यातल्या चौघींना पाळीत इतकं जायचं, की महिन्याला दोन-दोन दिवस त्या घरीच आडव्या. म्हणजे आठ खाडे. हॉटेलांच्या चादरी कुणाच्या पोटदुखीसाठी थांबत नाहीत, आणि त्या आठ खाड्यांची बोलणी मालकाकडून मुकादमच खायचा. अशात त्याच्या थोरल्या मेहुणीच्या अंगात सिद्धी उतरली. देवाने मुहूर्त फार बघून साधला, असं मला वाटलं. मी हजेरी लिहितो. असल्या गोष्टी लक्षात येतात.

दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत घडीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नसायची. टेबलावर दिवा, पाण्याचं भांडं आणि एक पिवळं फडकं. मागे खुर्चीत मेहुणी, आता माताजी. बाईने मंतरलेल्या पाण्यात हात बुडवून फडक्यावर ठेवायचा. उचलला की खाली लालभडक पंजा. मग माताजी मधाळ आवाजात सांगायच्या, की हे तुझं तापलेलं रक्त. कुठल्याशा सात झऱ्यांच्या तीर्थाचे चार शिंतोडे पडायचे, आणि पंजा डोळ्यांदेखत विरून फडकं पुन्हा पिवळं. रक्त शमलं. पथ्य एकच, डॉक्टर नाही आणि लोहाची गोळी तर नाहीच. लोखंडाने सिद्धी गंजते म्हणे. शिवाय यायचं ते पाळीच्या पाचव्या दिवसानंतरच; त्याआधी रक्त फार रागात असतं.

इस्त्रीवाल्या वहिनीचा या सगळ्यावर पक्का विश्वास बसला. तिचं नऊ-नऊ दिवस चालायचं. तासातासाला पॅड, गाठी, अंथरुणावर जुने टॉवेल. जिना चढताना मध्ये बसायची. आईचंही असंच, मावशीचंही. तेव्हा हे घराण्याचंच देणं, असं तिने मनाशी ठरवलेलं. चादरींचे डाग हाताने काढणारी म्हातारी, तिला सगळे डागवाली मावशी म्हणत, तिच्या मागे लागली होती, की डॉक्टर गाठ. वहिनी म्हणायची, सात पाळ्यांत गुण येतो, माताजींनी सांगितलंय.

सहाव्या पाळीत ती उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली. उजवा हात इस्त्रीच्या यंत्राच्या तापल्या पत्र्यावर.

यंत्र बंद करेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. पथ्य मोडलं असणार, असं माताजींनी निरोपातून कळवलं.

सरकारी दवाखान्यात मावशी तिच्याबरोबर राहिली. बाराच्या आसपास हवं ते हिमोग्लोबिन साडेपाच निघालं. डॉक्टरीणबाई रागावली नाही, तिने नुसतं विचारलं, "हे इतके दिवस तुम्ही कुणाला सांगितलं?" वहिनीला रडू फुटलं, कारण तिने सांगितलं होतं, पण भलत्याच खुर्चीला. मग डॉक्टरीणबाईने बैजवार समजावलं. तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, सातापुढे दिवस जात असतील, तर ते बाईच्या जातीचं भोगणं नव्हे, दुखणं आहे, आणि त्याचं कारण शोधता येतं. वहिनीच्या गर्भाशयात लहानशी गाठ सापडली. रक्तस्राव कमी करणाऱ्या, तेवढ्या दिवसांपुरत्या गोळ्या असतात, हार्मोनच्या गोळ्या असतात, पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी असते, गाठ काढता येते. पिशवीच काढायची, ही पहिली पायरी नव्हे. कोणतं घ्यायचं ते तुमची प्रकृती बघून दोघी मिळून ठरवू, असं ती म्हणाली. तोवर रक्त चढवलं.

पुढच्या गुरुवारी मावशी पहिल्या रांगेत. मुकादम भाविकपणे हात जोडून उभा. ती गोडीत म्हणाली, "साहेब, बायका बिथरल्यात. आधी तुम्हीच श्रद्धा दाखवा की."

साहेब फुलले. माताजी "अहो, पुरुषांनी" एवढं म्हणेपर्यंत त्यांचा हात भांड्यात आणि तिथून फडक्यावर. उचलला. लालभडक पंजा.

मावशीने शांतपणे विचारलं, "साहेब, कितवा दिवस?"

हसू फुटलं ते थेट गेटपर्यंत गेलं असेल. मावशीने पदराआडून हळदीचा डाग पडलेला टेबलक्लॉथ काढला, त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं, डाग लाल. वर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा. सात झऱ्यांचं तीर्थ तिने आधीच हुंगून ठेवलं होतं. कपाळावर हात मारावा असं हे, की हाच डाग रोज हौदात लाल होताना या बायका बघतात. पण हौदापाशी तो डाग होता, आणि दिव्यापाशी चमत्कार.

घड्या घालणारी आक्का मात्र अडून बसली. "मग माताजींकडे हात ठेवल्यापासून तिसऱ्याच दिवशी माझं थांबलं, ते कसं?"

मी हजेरीचं पुस्तक उघडलं. पाळीत आक्का बसून करायचं काम मागून घ्यायची, तेही मी त्यात लिहितो. माताजी अवतरण्याआधीही पाळीच्या आठव्या दिवशी ती पुन्हा ताठ उभी असायची. पाचव्यात तीन मिळवा. सूर्य बुडतानाच त्याला बूड म्हणायचं, यात कसली सिद्धी? आक्का पुस्तकाकडे बघत राहिली, आणि मग माझ्याकडे. तारखा सगळ्या माझ्याकडे होत्या. मी तोंड उघडलं नव्हतं.

चादरीवर डाग पडला तर आम्ही पहिलं विचारतो, कशाचा आहे. बाई पांढरी पडत जाते तेव्हा एवढं तरी विचारा, आणि उत्तर देणाऱ्याला पुरावा मागा. लाज वाटेल, तर मैत्रिणीला सोबत न्या, पण जा.

आता या सगळ्याचा हिशेब कोणी चुकता केला ते. माताजी दुसऱ्या गावी गेल्या, तिथे त्यांना पाण्याचं भांडं नवं मिळालंच असेल. मुकादमाची दुसऱ्या विभागात बदली झाली, पगार तोच. वहिनीने हार्मोनची तांबी बसवून घेतली. चार महिने मधूनमधून डाग दिसायचे, मग पाळी पाच दिवसांवर आली. गालांवर रंग आला. उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत, इस्त्री सुटली. ती आता डाव्या हाताने लिहायला शिकते आहे.