कोपराचा शिक्का

फोमच्या कारखान्यात तिला सगळे कोपरमावशी म्हणत आणि ती खुशाल म्हणू देई. कापायला आलेल्या प्रत्येक ठोकळ्यात ती कोपर रुतवी, बाहेर काढी आणि मोजायला लागे. खुर्चीचा फोम ‘एक’ म्हणेपर्यंत वर आलाच पाहिजे. मानेच्या उशीचा आळशी फोम पाचापर्यंत रेंगाळला तरी माफ. तुकडे चिकटवून दाबलेल्या फोमात कोपर जातच नाही, उलट कोपरालाच कळ येते. फ्रिजच्या भिंतीत भरायचा कडक फोम एकदा दबला की दबला, त्याच्या वाटेला ती जात नसे. मोजून झालं की ‘पास’चा शिक्का. तो तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात असे, आणि त्या खिशाला बटण होतं.

त्या सकाळी गाद्यांच्या फोमात कोपर घातलं, तर मोजता मोजता दहा झाले. मावशीने तुकडा फाडून काळ्या अ‍ॅप्रनवर झटकला. पांढरी भुकटी पडली.

ती तडक मिक्सरपाशी गेली. तिचा धाकटा दीर दोन टाक्यांतली रसायनं थोड्या पाण्याबरोबर घुसळून लाकडी पेटीत ओतत होता. आधी ते सायीसारखं दिसतं, मग दोन मिनिटांत फुगून पेटीच्या काठाला येतं आणि आतल्या आत तापत राहतं. म्हणून ठोकळा एक दिवस निवू द्यायचा आणि मगच कापायचा.

“भावोजी, खडू घातलात?”

“हळू बोला, वहिनी. मालकांनी सांगितलं. वजन वाढतं, काट्यावर चाळीसची डेन्सिटी बरोब्बर भरते.”

“भरतो तो खडू! झोपणार कोण आहे त्यावर? अंथरुणाला खिळलेली माणसं. आईंची पाठ विसरलात?”

दीर ओतायचा थांबला. आईच्या शेवटच्या वर्षी गादी मधोमध बसली होती, पाठीला जखमा झाल्या होत्या. तिची कूस बदलायला हेच दोघं असत. विसरणार कसा?

तेवढ्यात मालक आले. “मावशी, शिक्के मारून घ्या. तीनला शुश्रूषागृहाच्या मेट्रनबाई माल बघून ऑर्डर द्यायला येतायत.”

“नाही मारणार.”

“मग शिक्का इकडे द्या.”

“तोही नाही देणार.” मावशीने बटण लावलं आणि काट्याशेजारी ठेवलेल्या, त्याच फोमच्या नमुन्याच्या गादीवर फतकल मारली.

मालकांचा पारा चढला. आधी दटावून झालं, मग गोड बोलून झालं. साठीच्या धडधाकट बाईला हात धरून ओढायची छाती मात्र कुणाची झाली नाही. जेवणाची घंटा झाली, तिने डबा तिथेच खाल्ला. पायांना मुंग्या आल्या. भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोला? ही नोकरी गेली तर या वयात तिच्या कोपराला दुसरीकडे कोण विचारणार होतं? तरी ती तसूभर हलली नाही.

तीनला मेट्रनबाई आल्या. मालकांनी हसत हसत ठोकळा काट्यावर ठेवला. “चाळीस! बघा, जरासुद्धा कमी नाही.”

“आणि या कोण?”

“जुन्या कामगार आहेत. जरा टेकल्यात.”

मावशी उठली. खड्डा उठला नाही.

“एक,” मावशी मोठ्याने म्हणाली. “दोन. तीन.” कटरची मशीन थांबली. पाच झाले, दहा झाले. मेट्रनबाईंनी वाकून खड्ड्यात हात ठेवला, पण फोमने तो वर उचलला नाही. पंधराला मावशीचा आवाज चिरकला.

“सोळा,” मागून कुणीतरी म्हणालं. दीर होता. खडूचं अर्धं पोतं त्याने खांद्यावरून आणलं आणि मेट्रनबाईंच्या पायाशी ठेवलं. “सतरा. हे मी घातलं, बाई. माझ्याच हातांनी. अठरा.”

मेट्रनबाईंनी हातातला ऑर्डरचा कागद सही न करताच घडी करून पर्समध्ये परत टाकला.

“मोजणं बंद करा!” मालक ओरडले. “दोघंही उद्यापासून येऊ नका!”

दिराने वहिनीकडे पाहिलं. मग खड्ड्याकडे पाहिलं.

“एकोणीस,” तो म्हणाला.