ओलीटाचं आमिष आणि व्हर्लिनची दुर्बीण

व्हर्लिन टीगची खोड मोडायची असं ओलीटाने ठरवलं, तेव्हा मी तिला आधीच सांगून टाकलं की मी खोटं बोलणार नाही. मी रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवते आणि बाकीचे सहा दिवस तलावाकाठी मासेमारीच्या सामानाचं दुकान चालवते. दोन्हीकडे माणसं तीच. एका ठिकाणी खोटं बोललं की दुसऱ्या ठिकाणी तोंड दाखवायची चोरी.

"तू खोटं बोलूच नकोस आर्डिस," ओलीटा म्हणाली. "खरंच बोल. फक्त जरा घाबरल्यासारखी बोल."

ओलीटा क्रॅबट्री आमच्या गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होती. निवृत्त झाली आणि मासे पकडू लागली. आमचा हॅकबेरी तलाव ओझार्कच्या डोंगरात, दगडी तळाचा. पाणी इतकं नितळ की बारा फूट खाली पडलेला चमचा दिसतो, आणि तो कोणाच्या घरचा तेही ओळखू येतं. असल्या पाण्यातला बास मासा म्हणजे चौथीतलं पोर, असं ओलीटाचं म्हणणं. ताटात काय पडलंय ते आधी नीट बघणार, मग नाक मुरडणार.

या माशासाठी आमच्याकडे स्पिनरबेट वापरतात. उघडलेल्या सेफ्टी पिनेसारखी वाकवलेली तार. तिच्या खालच्या टोकाला शिशाचं डोकं, गळ आणि गळ झाकणारी रबरी धाग्यांची झालर. वरच्या टोकाला पत्र्याची पाती. पाण्यातून ओढलं की पाती गरगर फिरतात आणि बासला वाटतं, बारक्या माशांचा घोळका पळतोय. गढूळ पाण्यात माशाला दिसत नाही, म्हणून तिथे मोठी गोल सोनेरी पाती आणि डोळ्यांत खुपणारी पिवळी झालर लागते. नितळ पाण्यात तेच लावलं तर मासा मागच्या मागे पळतो. ओलीटा स्वतःची आमिषं घरी स्वयंपाकाच्या टेबलावर बनवायची. तिची पाती विलो झाडाच्या पानासारखी लांबट, अरुंद, चंदेरी. झालर धुराच्या रंगाची, आरपार दिसणारी. आणि ती ओढायचीही भरभर, माशाला निरखून बघायला वेळच द्यायची नाही.

व्हर्लिनचं टायरचं दुकान होतं, आता जावई डेन्टन चालवतो. व्हर्लिनची बोट गावात सगळ्यात मोठी, तिच्यावर पाण्याखालचं दाखवणारे दोन स्क्रीन. इतकं असून माणूस मासे शोधायचा दुर्बिणीने. ती पक्षी बघायला आहे असं तो सांगायचा. पण तो ओलीटाच्या बोटीपासून शंभर यार्डांवर थांबून ती गळ कुठे टाकते, काय लावते ते टिपून घ्यायचा, आणि माझ्या दुकानातून त्यातल्या त्यात तसंच काहीतरी घेऊन जायचा. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत त्याने गावच्या अग्निशमन दलाची मे महिन्यातली स्पर्धा तीन वर्षं जिंकली होती. गेल्या वर्षी तर ओलीटाला पाव पौंडाने हरवून. आणि वर जेवणाच्या पंगतीत म्हणाला, "बायकांना मासे लागतात ते नशिबाने. पुरुषाला अभ्यास करावा लागतो."

ओलीटाने हातातली थाळी खाली ठेवली होती. एक शब्द बोलली नाही. हिवाळाभरही बोलली नाही, तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

स्पर्धा शनिवारी. गुरुवारी सकाळी आम्ही दोघी सरावाला गेलो. बेटाच्या आडोशाला ओलीटाने आपल्या नेहमीच्या आमिषाने तीन पौंडांचा एक बास धरला आणि बोटीतल्या पाण्याच्या टाकीत सोडला. मग पिशवीतून एक प्रकरण काढलं. मशेरीच्या डबीच्या झाकणाएवढी सोनेरी पाती आणि पिवळी-नारिंगी झालर. माझ्याच दुकानातलं होतं ते. कुणीतरी विक्रेता वर्षभरापूर्वी एक डझन गळ्यात मारून गेला होता आणि त्यांच्यावर धूळ बसली होती.

"हे आपल्या पाण्यात?" मी विचारलं.

"तू फक्त त्याच्याकडे पाठ करून बस. तुझा चेहरा सगळं सांगून टाकतो."

आम्ही उघड्यावर आलो. लांब व्हर्लिनची बोट होतीच. ओलीटाने ते पिवळं धूड दोन-चारदा पाण्यात फेकलं, मग ओणवी होऊन टाकीतला मासा काढला, गळ त्याच्या ओठाला अलगद अडकवला आणि उभी राहून मासा उंच धरला. लांबून कुणालाही वाटावं की आत्ताच लागला. दहा मिनिटांनी पुन्हा तोच मासा. आणखी दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्याचा चेहरा बक्षीस समारंभात पुन्हापुन्हा स्टेजवर बोलावलेल्या पोरासारखा झाला होता. मग तिने त्याचे आभार मानून त्याला सोडून दिलं.

शुक्रवारी दुपारी व्हर्लिन दुकानात आला. आधी टोप्या बघितल्या. मग दोऱ्याची रिळं उचलून ठेवली. मग सहज आठवल्यासारखं म्हणाला, "आर्डिस, मोठ्या सोनेरी पातीचं काही आहे का? पिवळी-नारिंगी झालर असेल तर बरं."

"आहे," मी म्हणाले. "पण ते आपल्या पाण्यात चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. ओलीटाला विचार हवं तर, तीही हेच म्हणेल."

त्याच्या मिशीखाली हसू आलं. "म्हणेलच ती."

"व्हर्लिन, हे गढूळ पाण्याचं आहे. नितळ पाण्यात बारीक घ्यावं, चंदेरी घ्यावं. तुझ्या भल्याचं सांगते."

एकूण एक शब्द खरा होता. पण मला कानापर्यंत लाली चढली होती आणि मी एकच रीळ तिसऱ्यांदा पुसत होते. चोराच्या मनात चांदणं असतं. तीन वर्षं लपूनछपून बघणाऱ्याला समोरचाही काहीतरी लपवतोय असंच वाटणार.

"वीस वर्षं तुझ्याकडे येतोय," तो म्हणाला. "आजवर मला कधी 'हे घेऊ नकोस' म्हणालीस?"

मी आठवून बघितलं. खरंच कधी म्हणाले नव्हते.

"किती आहेत?"

"अकरा."

"सगळी दे. उगाच दुसऱ्या कुणाच्या हाती नकोत."

शनिवारी लख्ख ऊन होतं आणि दक्षिणेकडून बऱ्यापैकी वारा. बंदुकीचा बार झाला आणि चोवीस बोटी निघाल्या. नियम एवढाच: बोटीत दोघं, पाच मासे, दोन वाजता जिवंत वजन, मग परत पाण्यात. ओलीटाने बोट सरळ वाऱ्याच्या बाजूच्या खडकाळ टोकाला लावली. वाऱ्याने तिथे पाण्यावर सुरकुत्या पडल्या होत्या. नितळ पाण्यात तेवढाच काय तो माणसाला आडोसा. पिवळं धूड बांधलेली काठी तिने बोटीच्या नाकावर दिसेल अशी ठेवली आणि स्वतः अंगाच्या आडून आपलं धुरकट आमिष फेकू लागली.

व्हर्लिन आमच्यामागून आला, नेहमीच्या अंतरावर थांबला, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि समाधानाने कामाला लागला. त्याचं आमिष पाण्यात पडायचं ते वीट पडल्यासारखं. पाण्यावर आवाज लांबवर जातो. थोड्या वेळाने डेन्टनचा आवाज आला, "आपण दुसरं काही लावून बघू या का?"

"गप बस. तिला तीन लागले."

"मासा येतोय, बघतोय आणि परत जातोय. मला दिसतंय ना."

"मग नीट ओढ. तिच्यासारखं ओढ."

अकरा वाजेपर्यंत आमचे पाच झाले. व्हर्लिनचा एकही नाही. मग त्याने रागाच्या भरात काठी मागे घेतली आणि ते पिवळं प्रकरण डेन्टनच्या टोपीत अडकलं. काठी पुढे आली तशी टोपीही पुढे गेली, चाळीस फूट, आणि पाण्यात पडली. डेन्टन शांतपणे म्हणाला, "हिला बघून तरी कुणी येतंय का बघा."

ओलीटा बोटीच्या तळाशी बसली ती उठेचना. तिला हसू आवरत नव्हतं आणि ते त्याला दिसूही द्यायचं नव्हतं. ओढणाऱ्या वाऱ्यात बोट गोल फिरली तरी आम्हाला पत्ता नाही. मान वर केली तेव्हा व्हर्लिन इंजिन सुरू करून वरच्या अंगाला, टर्की ओढ्याच्या दिशेने चालला होता.

"मला वाईट वाटायला पाहिजे ना गं?" ओलीटाने डोळे पुसत विचारलं.

"वाटतंय का?"

"अजून नाही. जेवणानंतर वाटेल कदाचित."

दोन वाजता धक्क्यावर जेवणाच्या टेबलांशेजारी वजनकाटा लागला. आमचे पाच मिळून चौदा पौंड भरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकेक बोट येत गेली, दहा पौंड, बारा पौंड, आमच्या पुढे कुणी गेलं नाही. सगळ्यात शेवटी व्हर्लिन आला. पिशवी दोन्ही हातांनी धरून, एका अंगाला वाकून चालत. डेन्टन मागून बोडक्या डोक्याने.

पाच मासे, एकोणीस पौंड. त्यातला एकटाच मोठा साडेसहाचा.

ओलीटाने माझा दंड धरला. नखं रुतली.

झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी वरच्या डोंगरात गडगडाटी पाऊस पडला होता. आमच्याकडे थेंब नाही, पण टर्की ओढा फुगून लाल माती घेऊन आला होता आणि तलावाचा तो कोपरा दुधाच्या कॉफीसारखा झाला होता. व्हर्लिन तिथे मासे पकडायला गेलाच नव्हता. कुणी बघू नये अशा ठिकाणी बसून डबा खायला गेला होता. तो खात असताना डेन्टनने वेळ जायला म्हणून काठी फिरवली. त्या गढुळात बास अगदी असल्याच एखाद्या सोनेरी, पिवळ्या, ढणढणत्या आमिषाची वाट बघत बसले होते.

आम्ही करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तरी इथवर ठीक होतं. हरायची ओलीटाला सवय होती. पण बक्षिसाचा कप मिळाल्यावर व्हर्लिनने हातात माईक घेतला आणि टोपी काढली. तो टोपी फक्त चर्चमध्ये आणि मयताला काढतो.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "ती दुर्बीण पक्ष्यांसाठी नाही."

कुणीतरी खोकलं. गावात हे ठाऊक नव्हतं असा माणूस नव्हता.

"तीन वर्षं मी ओलीटा क्रॅबट्रीचं बघून मासे धरले. आणि गेल्या वर्षी या टेबलाशी बसून जे बोललो ते बोलायला नको होतं. यंदा तिने गुरुवारी माझ्यासमोर उभं राहून हे आमिष मला दाखवलं. लपवू शकली असती, तरी उंच धरून दाखवलं. असा मोठेपणा माझ्यात नाही. हा कप तिचा आहे." आणि त्याने कप तिच्या दिशेने धरला.

माणसं वळून ओलीटाकडे बघू लागली. पाद्रीबाईंनी छातीवर हात ठेवला. मी माझ्या बुटांकडे बघत होते. ओलीटा गप्प राहिली असती तर जन्मभर संत म्हणून मिरवली असती. ते मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं. क्षणभर तिने तो विचार केलाही असणार, कारण तिने हलकेच मान झुकवली. मग ती उठली.

"खाली बस व्हर्लिन," ती म्हणाली. "मी तुला फसवलं. ते आमिष आपल्या पाण्यात चालत नाही म्हणूनच तुला दाखवलं. गुरुवारी बघितलेले तिन्ही मासे म्हणजे एकच मासा होता."

मागे तळणीत मक्याचं पीठ लावलेला कॅटफिश मासा चुरचुरत होता.

व्हर्लिन माझ्याकडे वळला. "पण तू तर मला सांगत होतीस..."

"तीनदा सांगितलं," मी म्हणाले. "घेऊ नकोस म्हणून."

पहिल्यांदा डेन्टन हसला. मग अग्निशमन दलाचे लोक, मग सगळेच. व्हर्लिन तेवढा हसत नव्हता. तो कप काखेत मारून ओलीटाच्या टेबलापाशी आला आणि समोरच्या बाकावर बसला. कान लाल झाले होते.

"मग तू लावतेस तरी काय?"

ओलीटाने खिशातून आपलं आमिष काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते उजेडाकडे धरलं. झालरीतून पलीकडचा तलाव दिसत होता.

"इतकं लहान?"

"पाणी स्वच्छ आहे. त्याला सगळं दिसतं. म्हणून थोडंसंच दाखवायचं आणि निघून जायचं. बाकीचं तो स्वतःच ठरवतो."

व्हर्लिनने पाती बोटाने फिरवली. "हे तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर?"

"तीन वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर?"

तो उठून दोन थाळ्या घेऊन आला. एक तिच्यासमोर ठेवली, वर लिंबाची फोड मागून आणली. कप मात्र तिने घेतला नाही. "एकोणीस पौंड ते एकोणीस पौंड," म्हणाली, "आणि ओढ्यात जायची बुद्धी माझी नव्हती."

पुढच्या मंगळवारी तो आमिष बनवायला शिकायला तिच्या स्वयंपाकघरात गेला. पहिल्याच दिवशी सहा तारा वाकड्या केल्या, शिसं ओतताना अंगठा भाजून घेतला आणि तिच्या भट्टीलाच नावं ठेवली. ओलीटाने त्याला घराबाहेर काढलं. बुधवारी तो पुन्हा आला, या वेळी आधी दार वाजवून.