भर दुपारची हाक

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. वरवट बकालजवळच्या एका खेड्यात ख्रिस्ती घरं तीनच होती, आणि त्यातली दोन जावांची. थोरली तानाबाई विधवा, धाकटी कोकिळा. कोकिळेचं मूल तापानं दगावलं तेव्हा दुःखाच्या भरात ती बोलून गेली, "तानीनं करणी केली." गावानं तो शब्द उचलला. तानाबाई विहिरीवर आली की बाया आपली भांडी उचलून बाजूला होऊ लागल्या.

तानाबाईनं उलट उत्तर दिलं नाही. प्रार्थनेला ती नेमानं जाई. आपण मुकाट सोसतो, देवाला ते दिसतं, यातच तिचं समाधान होतं.

पुढं चैत्रात कोकिळेला लकवा झाला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. गाव कुजबुजलं, पाहा, थोरलीनं धाकटीलाही धरलं. ते ऐकून तानाबाईला वाईट वाटायला हवं होतं. पण आत कुठंतरी गार वाटलं.

त्याच आठवड्यात हाक सुरू झाली.

भर दुपारी गल्लीत कुत्रंही नव्हतं. ती ज्वारी निवडत बसली होती. दाराबाहेरून स्पष्ट ऐकू आलं, "बाई वं, पानी दे." आवाज कोकिळेचा! ती दारात धावली. उन्हानं पांढरी पडलेली वाट, माणूस कुठंच नाही.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दुपारी मात्र आवाज बाहेरून आला नाही. तो तिच्या पाठीमागं, चुलीपाशी होता. मागं वळायची तिची छाती होईना. डोळे मिटून तिनं येशूचं नाव घेतलं. नावानं तो पळेल असं तिला वाटलं होतं. उलट तो कानाशी आला. "बाई, पानी."

तिनं तांब्या भरला आणि थेट कोकिळेचं घर गाठलं.

कोकिळेचा नवरा उकंडराव ओट्यावर डोकं धरून बसला होता. "कोनीच येऊन नाही राह्यलं, वहिनी. लोक भेतात. मले एकट्याले नाही जमत."

आत उग्र वास होता. कोकिळा ओल्या गोधडीवर पडली होती. तानाबाईला पाहताच तिचे डोळे विस्फारले. चांगला हात भिंत ओरबाडू लागला. थोरली आपला जीव घ्यायला आली, असंच तिला वाटलं. आपण त्या हाकेला जेवढं भ्यालो, त्याहून जास्त ही आपल्याला भिते, हे तानाबाईला तेव्हा कळलं.

तिनं पेज केली. कोकिळेनं दात आवळले. मग तानाबाईनं त्याच वाटीतून आधी स्वतः घोट घेतला आणि वाटी पुढं धरली. त्या दिवशी काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी दोन घोट गेले. घाण झालेल्या गोधड्या तिनं नाल्यावर नेऊन धुतल्या. लुळ्या पायाला तेल चोळलं. आपल्या घरातली हाक कधी थांबली, ते तिला कळलंही नाही.

पेरणीच्या सुमारास कोकिळेला अडखळत बोलता येऊ लागलं, काठीच्या आधारानं चार पावलंही टाकता येऊ लागली. तानाबाईनं विचारलं, "दुपारी मले हाका तूच मारत होती का वं?"

"मी?" कोकिळा दचकली. "मी तं तू येऊ नोको म्हणून देवाले इनवत होती."

दोघींच्या अंगावर काटा आला. मग कोकिळेनं तिचा हात धरला. "पोरगं तापानं गेलं, बाई. मले ठाऊक होतं. मी लबाड बोलली."

"अन् तू पडली तवा मी खुश झाली," तानाबाई म्हणाली. "मलेही माफ कर."

दुसऱ्या सकाळी कोकिळा हट्टानं काठी टेकत तानाबाईबरोबर विहिरीवर गेली आणि साऱ्या बायांसमोर बोबड्या जिभेनं म्हणाली, "माह्या जावेनं करणी नाही केली. मी खोटं बोलली होती." काहींनी माना खाली घातल्या. काही नुसत्याच पाहत राहिल्या. त्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे.

परतताना अर्ध्या वाटेत कोकिळेचे पाय थकले. तानाबाईनं तिला पाठीवर घेतलं.

"तुह्या पाठीची हाडं टोचतात, बाई," कोकिळा कुरकुरली.

"गुमान बस," तानाबाई म्हणाली, आणि चालू लागली.